बाहुलीनंही अडखळलं पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२२ ऑक्टोबर हा तोतरेपणाविषयी जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस १९९८ पासून पाळला जातो. आपल्याकडे तो दिवाळीच्या आसपास येतो. शाळा सुट्टीच्या मूडमध्ये असतात, त्यामुळे परिपाठातल्या दिनविशेषातही तो क्वचितच वाचला जातो. त्याच सुमारास तालुक्याच्या गावी वक्तृत्व, व्यक्तिमत्त्व विकास, बालनाट्य अशा शिबिरांचे फलक लागतात. एखाद्या फलकावर खाली बारीक अक्षरात 'तोतरेपणा घालवा' अशीही ओळ असते. हे पत्र त्या ओळीसाठी आहे.

मोठ्या माणसांत शंभरात साधारण एक जण अडखळत बोलतो. लहानपणी काही काळ अडखळणारी मुलं याहून जास्त, शंभरात पाच ते आठ. सुरुवात बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान होते आणि चारांतल्या तिघांचं अडखळणं पुढं आपोआप थांबतं. ज्यांचं शाळेच्या वयातही राहतं त्यांत मुलींच्या तिप्पट-चौपट मुलगे असतात. हा हिशेब आता गावाला लावून बघा. जिल्हा परिषदेच्या ऐंशी पोरांच्या शाळेत असं मूल एखादं, नाहीतर एकही नाही. म्हणजे सेलू किंवा वसमतच्या आडगावातलं मूल दहावीपर्यंत आपल्यासारखं बोलणारं दुसरं मूल बघतच नाही. 'तोत्र्या' हे नाव त्याला गावानं दिलेलं असतं आणि गावात त्या नावाचं तेवढं एकच असतं.

म्हणून पहिली गोष्ट, ही मुलं एकमेकांना भेटली पाहिजेत. सहा-आठ मुलं गोळा करायची तर सात-आठशेचा पट लागतो, आणि तो एका शाळेत नसला तरी एका केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, सहज असतो. केंद्रप्रमुखांनी मनावर घेतलं तर यादी आठवड्यात होते. जागा केंद्रशाळेची, वेळ शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावरची. त्या गावचा आठवडी बाजार रविवारी असेल तर रविवार धरावा. आई-बाप बाजाराला येतातच, पोराला आणण्यासाठी वेगळी मजुरी बुडत नाही. हे न बघता वार ठरवला की दुसऱ्या आठवड्याला निम्मी मुलं गळतात. मुलानं आपला एक दोस्त किंवा बहीण सोबत आणली तर उत्तम; गटात सगळेच अडखळणारे असले पाहिजेत असं नाही. मुलं आठच्या वर नकोत, मोठी माणसं दोन पुरेत, वेळ दीड तास, असे सहा आठवडे.

दुसरी गोष्ट, तिथं जमून करायचं काय? इथं बहुतेक शिबिरं पहिल्याच पाच मिनिटांत चुकतात. मुलांना गोल बसवून 'आपलं नाव सांगा' म्हणतात. तोतऱ्या मुलाला सगळ्यात अवघड शब्द बहुधा स्वतःचं नाव असतो. इतर शब्द अडला तर तो दुसरा शब्द घालून निसटू शकतो, 'पाणी' अडलं तर 'तहान लागली' म्हणतो. नावाला पर्याय नसतो. त्यात गोलात आपली पाळी सरकत सरकत जवळ येताना छाती धडधडते ती वेगळीच. शाळेतल्या हजेरीचंही हेच. तेव्हा ओळख नंतर. आधी हाताला काम द्या.

मोज्याची बाहुली त्यासाठी चांगली. माणशी एक जुना मोजा, दोन बटणं, सुई-दोरा, थोडी लोकर आणि बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा. पुठ्ठ्याचा बारा सेंटिमीटर लांब, सात रुंद असा लंबगोल कापायचा आणि मधोमध दुमडायचा. हा झाला जबडा. मोज्याच्या बोटांकडचं टोक आत दाबून त्या खोबणीत हा पुठ्ठा बसवायचा, घडी आत, अंगठ्याच्या बेचक्याशी. घडी तिथं आली नाही तर तोंड उघडतं पण मिटत नाही, आणि पुढं सगळा खेळ तोंड मिटण्यावर आहे. लग्नपत्रिकेचा कागद वापरू नका, दहा मिनिटांत मऊ पडतो. नायलॉनच्या मोज्याला डिंक धरत नाही, कडेनं सहा-सात टाके घाला. डोळे जबड्याच्या अगदी वर, कडेपासून दोन बोटांवर. फार मागं लावले तर बाहुली सदा आढ्याकडं बघते. मोठ्या माणसाचा मोजा आठ वर्षांच्या हातात लोंबतो, म्हणून शाळेच्या गणवेशाचाच मोजा बरा. सुईत दोरा ओवताना, बटण मागताना मुलं बोलू लागतात. कुणी कुणाकडं टक लावून बघत नसतं, सगळ्यांच्या नजरा टाक्यावर. अडखळणं पहिल्यांदा तिथं, कामाच्या ओघात, ऐकू येतं आणि बाजूचं मूल चमकून वर बघतं.

दुसऱ्या आठवड्याला बाहुल्यांना बोलतं करायचं. कुठली बाहुली अडखळते, कुठली नाही, हे मुलानंच ठरवायचं. कुणावर लादायचं नाही. अडखळणं तीन तऱ्हेचं असतं आणि तिन्ही बाहुलीला जमतात. 'प-प-पाणी' असा अक्षराचा फेरा पडतो तेव्हा प्रत्येक 'प'ला तोंड उघड-मीट. 'स्स्स्सकाळ' असा आवाज लांबतो तेव्हा तोंड थोडं उघडं ठेवून स्थिर. तिसरी तऱ्हा कोंडल्याची. तोंड अर्धवट उघडं, आवाज नाही, हात ताठ. ही सगळ्यात कमी ओळखली जाते. बघणाऱ्याला वाटतं पोर विसरलं, वास्तविक शब्द ओठाशी तयार असतो. हे दाखवताना हात आपोआप खाली झुकतो आणि बाहुली जमिनीकडं बघू लागते. तिची नजर समोरच्या बाहुलीवरच ठेवायला सांगा. कोंडलेल्या तीन-चार सेकंदांत समोरची बाहुली काय करते, हाच खरा प्रसंग.

एक प्रसंग नमुन्यादाखल. एसटीत बसलेली बाहुली, समोर कंडक्टर. गाडी जालन्यावरून जाफराबादला चाललेली. बाहुली म्हणते 'जा-जा-' आणि कोंडते. कंडक्टरला घाई, तो 'जालना' म्हणत मशीन दाबून मोकळा. तिकीट हातात पडतं, जायचं मात्र जाफराबादला. आता? एका गटात बाहुली गप्प बसून जालन्यालाच उतरेल, दुसऱ्या गटात पुढच्या सीटवरची म्हातारी कंडक्टरशी भांडेल, तिसऱ्यात बाहुली स्वतःच 'फ-फ-फराबाद राहिलं की' म्हणेल. समोरच्याचा शब्द आपण पुरा करू नये, हे शिक्षकांच्या प्रशिक्षणात फळ्यावर लिहून जेवढं पोचत नाही तेवढं त्या चुकीच्या तिकिटानं पोचतं. मुलांनी कंडक्टरची पाळीही आळीपाळीनं घ्यावी. थांबणं किती लांब वाटतं ते त्याशिवाय कळत नाही.

या खेळात मोठी माणसं एक ठरलेली चूक करतात. शेवटी बाहुली सुरळीत बोलू लागली असं दाखवायचा त्यांना मोह होतो. देवीला नवस केला, सराव केला, टाळ्या! असा शेवट मुलांनी आपणहून सुचवला तर चालू द्या. तुम्ही सुचवू नका. हृतिक रोशननं आपल्या तोतरेपणाविषयी जाहीरपणे सांगितलेलं आहे, पण आपण त्याचं उदाहरण देतो ते 'बघ, आता कसा बोलतो' म्हणून. अडखळत अडखळतच गाडी पकडणारी, दुकान चालवणारी, भांडणारी, विनोद करणारी बाहुली मुलाच्या कुठंच बघण्यात येत नाही. आपल्या स्नेहसंमेलनांत तोतरा दिसतो तो फक्त बघण्याच्या कार्यक्रमातला नवरदेव म्हणून.

तीन बोबड्या बहिणींची गोष्ट घ्या, घरोघर सांगितली जाते. पाहुणे येणार म्हणून आई बजावते, तोंड उघडू नका. आणि एकामागोमाग एक तिघी बोलून बसतात. (बोबडं आणि तोतरं या दोन वेगळ्या गोष्टी. बोबड्या बोलण्यात 'र'चा 'ल' होतो, तोतऱ्यात अक्षर बरोबर पण वाट अडलेली. गावात दोन्हींना एकच नाव आणि एकच हसू.) ही गोष्ट मुलांना द्या आणि फक्त आईचं ते एक वाक्य काढायला सांगा. गोष्ट तिथंच बसते, कारण तिचा सगळा विनोद गप्प बसवण्यावर उभा आहे. मग पुढं काय घडवायचं यावर आठ डोकी तासभर भांडतात. त्या भांडणात बोलणं किती झालं याचा हिशेब कुणी ठेवू नये.

आपल्या भागात याला भारुडासारखा तयार आधार आहे. पैठणच्या नाथांच्या भारुडात आंधळा, बहिरा, मुका अशी सोंगं आधीपासून आहेत. सोंग घेऊन बोलणं आपल्याला नवं नाही. भारुडात मागचे धृपद धरतात, सगळे मिळून. इथं एक शास्त्रीय बाब लक्षात ठेवावी लागते. इतरांच्या सुरात सूर मिसळून बोलताना, गाताना, काही जणांच्या बाबतीत दुसऱ्या पात्राचा आवाज काढताना तोतरेपणा जवळजवळ नाहीसा होतो. हा मेंदूतल्या बोलण्याच्या जुळणीचा गुण आहे, बरं होणं नव्हे. पडदा पडल्यावर मूल पुन्हा पहिल्यासारखंच अडखळतं. मग सोमवारी वर्गात 'परवा तर नीट बोललास, आता मुद्दाम करतोस' असं ऐकावं लागतं. म्हणून खेळ बघायला आलेल्या पालकांना आधीच, दोन वाक्यांत, हे सांगून ठेवावं. आणि अडखळणाऱ्या मुलाला कायम धृपदातच उभं करू नये. तिथं त्याला सोपं जातं म्हणून आपण ठेवतो, आणि ते पुन्हा मागच्या रांगेत जातं.

घरच्यांना एवढंच, की 'सावकाश बोल', 'श्वास घे', 'परत म्हण' हे तिन्ही बंद करा. स्वतः थोडं सावकाश बोला, त्याचं वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून उत्तर द्या. काय बोलला त्याला उत्तर द्या, कसं बोलला त्याला नको. जिभेला वेखंड उगाळून लावणं, तोंडात खडे धरून बोलायला लावणं, जिभेखालची तार कापणं यांपैकी कशानंही तोतरेपणा जात नाही. वेखंडातला एक घटक प्राण्यांवरच्या प्रयोगांत घातक ठरलेला आहे, आणि खडा घशात अडकला तर जिवावर बेततं. तोतरेपणा भीतीनं किंवा दुसऱ्याची नक्कल केल्यानं लागत नाही. त्यात आनुवंशिकतेचा आणि मेंदूच्या जडणघडणीचा वाटा आहे. अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं, बोलताना मान किंवा डोळे ताणले जाऊ लागले, मूल शब्द टाळू लागलं, किंवा घरात आणखी कुणी तोतरं असलं तर वाणी-उपचारतज्ज्ञाला दाखवा, आपोआप जाईल म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. त्यांना आपणहून सांगा, तपासणीच्या रांगेत गप्प उभ्या असलेल्या मुलाचं अडखळणं दिसत नाही. पुढं जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाणीतज्ज्ञाचं पद आहे. ते भरलेलं आहे का, हे पालकांनी आधी फोन करून विचारावं. तुमच्या वार्ताहरांनीही मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत विचारावं. खेळ हा उपचाराला पर्याय नाही, आणि उपचार सुरू आहे म्हणून खेळ नको असंही नाही.

शाळांनी १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर आणि २६ जानेवारी हे भाषणाचे तीन दिवस आहेत तसेच ठेवावेत. अडखळणाऱ्या मुलाला नाव द्यायचं का हे त्यालाच, एकट्याला, विचारावं. 'तुला जमणार नाही' म्हणून वगळणं आणि 'भीती मोडायला पाहिजे' म्हणून ढकलणं, दोन्ही सारखंच. बोलायचं ठरवलं तर वेळेची घंटा त्याच्यासाठी नको. हजेरीला हात वर केला तरी चालेल, हा नियम सगळ्या वर्गाला लावला की त्याचं एकट्याचं काही उरत नाही.

शेवटी तुमच्याकडं एक मागणं. तुमच्या बालपुरवणीत तोतऱ्याचे विनोद अधूनमधून येतात, ते थांबवाच. त्याऐवजी २२ ऑक्टोबरच्या आठवड्यात चार चौकटींची कोरी चित्रकथा छापा, मुलं भरून पाठवतील. पात्राचं अडखळणं कसं लिहायचं ते मुलांना सांगावं लागेल. अक्षराचा फेरा असेल तर मध्ये आडवी रेघ, 'क-क-कांदा'. स्वर लांबला तर आपला अवग्रह आहेच, 'आऽऽऽई'. आवाज कोंडल्याला मात्र मराठीत खूण नाही. तिथं मुलांनी फुग्यात शब्दाच्या आधी बोटभर जागा कोरी सोडावी. ती जागा चुकून राहिली असं समजून तुमच्या मुद्रितशोधकांनी कृपया शब्द पुढं ओढू नये.

आपले,
वाणी-उपचार आणि बालनाट्य या क्षेत्रांत काम करणारे काही जण,
परभणी