हाताचा टेकू न घेता

पुणे, रविवार

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर तुम्हा दोघांचं पालुपद एकच, ‘आमचं मजेत चाललंय.’ आई श्रावणात न्हाणीघरात घसरली, हे मला नवरात्रात कळलं, तेही समोरच्या काकूंकडून. म्हणून या वेळी कागद घेतला. कागदाला ‘ठेव आता, कुकर झालाय’ म्हणता येत नाही.

रागावून झालंय, ते पुन्हा नको. दिवाळीत चार दिवस बडोद्याला होते तेव्हा मी एकच गोष्ट बघत होते. आई, तू झोपाळ्यावरून उठतेस कशी. आधी पाय टेकून झोपाळा थांबवतेस, मग उजव्या हाताने पितळी कडी धरतेस, पुढे झुकून अंदाज घेतेस, नाही जमलं की परत टेकतेस आणि दुसऱ्या खेपेला ‘विठ्ठला’ म्हणत उठतेस. कडीचा तुझ्या मुठीएवढा भाग लख्ख झालाय, बाकीची काळवंडलेली. बाबा, हसू नका. जेवणाच्या टेबलावरून उठताना तुम्हीही दोन्ही तळवे दाबता. गेल्या वर्षी दाबत नव्हतात.

तुम्ही म्हणणार, मी रोज कमाटीबागेत फिरतो. फिरा की. (फुलांच्या घड्याळापाशी बाकावर जो अर्धा तास जातो, तो मात्र फिरण्यात धरू नका.) आठवड्याला दीडशे मिनिटं जरा भराभर चालावं, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण त्याच कागदावर पुढे असंही आहे की पासष्टीपुढच्या माणसांनी आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा. हे पुढचं वाक्य कोणी वाचतच नाही. सपाट रस्त्यावर चालून मांड्यांना फारसं काम पडत नाही. आणि ठेच लागल्यावर क्षणात सावरायला जे स्नायूतंतू लागतात, तेच वयाबरोबर आधी झिजतात. आई घसरली त्या दिवशी फरशी ओली होती हे खरं, पण फरशी पूर्वीही ओलीच असायची.

आता परीक्षा. पाठ असलेली, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, म्हणजे सरकणार नाही. हाताची घडी छातीवर. मोबाइलवर तीस सेकंद लावायचे आणि पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, होईल तितक्या वेळा. हाताने टेकू घेतला की गुण शून्य. अमेरिकेत वृद्धांच्या पडण्याचा धोका तपासायला डॉक्टर हीच चाचणी घेतात. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात पुरुषांचे 12 पेक्षा आणि बायकांचे 10 पेक्षा कमी भरले, तर पाय कमजोर समजायचे. बाबा 74, आई 71, म्हणजे तुम्ही दोघं एकाच इयत्तेत.

बाबा, ओळखलंत ना हे काय आहे? बैठका! लहानपणी माणिकरावांच्या आखाड्यात शंभर बैठका मारायचात, हे आम्ही ऐकत मोठे झालो (आत्या पन्नास म्हणते). त्याच आखाड्याच्या, जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या मातीत घडलेला माणूस टेबल दाबून उठतो, हे मला बघवलं नाही. आता फक्त खाली खुर्ची घ्यायची. सुरुवातीला पाच-पाच, दिवसातून दोन-तीनदा. बसताना धपकन बसायचं नाही, सावकाश बसण्यातच निम्मा व्यायाम आहे. आई, तुझे गुडघे बोलतात, तेव्हा तू खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढव, महिन्याभराने पातळ घे. एकाने करताना दुसऱ्याने शेजारी उभं राहायचं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबायचं आणि मला त्याच दिवशी कळवायचं, नवरात्रात नाही.

‘या वयात काय ताकद येणार’ हे आईचं ठरलेलं वाक्य. 1990 साली बॉस्टनमध्ये एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे मांड्यांसाठी वजनाचा व्यायाम करून घेतला होता. त्यांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. तुझी तर अजून एकाहत्तरीच चालू आहे.

पण व्यायाम केला आणि रात्री चहा-पोळीवर भागवलं, तर स्नायू बनणार कशाचा? म्हातारपणी वजनाच्या दर किलोला रोज साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात. तू बावन्न किलोची, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, पेलाभर दुधात तेवढीच. आता तूच हिशेब कर, तू वाणसामानाचा करतेस तसा. बाबांची सेव-उसळ मला मान्य आहे, फक्त उसळ जास्त आणि सेव चिमूटभर. मात्र किडनीचे रिपोर्ट एकदा डॉक्टरांना दाखवून मगच वाढवा. आणि बाबा, तुमच्या साखरेच्या गोळीत मेटफॉर्मिन आहे. ती वर्षानुवर्षं घेतली की बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, त्यात आपण शाकाहारी. पुढच्या रक्त तपासणीत तेवढं लिहून घ्या.

रात्री उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, एकदम उभं राहिलं की रक्तदाब खाली येतो. झिरोचा दिवा चालू राहू दे, वीजबिल मी भरते. न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा बसवायला शुक्रवारी माणूस येईल. त्याला चहा द्या, पण ‘राहू दे, पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून परत पाठवू नका.

मी स्वतः करून पाहिलं. सेहेचाळीस वर्षं, सोळा बैठका, शेवटच्या तीन धापा टाकत. तेव्हा मोठेपणा करत नाहीये.

तुमचे आकडे फ्रिजवरच्या कॅलेंडरवर रोज लिहा आणि रविवारी फोटो पाठवा. आई, बाबांच्या बैठका तू मोज. स्वतः मोजायला लागले की ते अकरानंतर तेरा म्हणतात.

तुमची,
मंजू