श्रेयनामावली तरी कापू नका

महोदय,

जुन्या मराठी चित्रपटांवरील आपल्या रविवारच्या लेखात दिग्दर्शक, नायिका, संगीतकार, गीतकार असे सगळे आले. बाकीच्यांची बोळवण ‘आणि इतर तंत्रज्ञ’ या तीन शब्दांत झाली. त्या ‘इतर’ मंडळींपैकी मी एक. 1960 च्या दशकाच्या अखेरीस मी कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत कॅमेरा सहायक म्हणून उमेदवारी सुरू केली आणि पुढे बरीच वर्षे फोकस सांभाळला.

आजच्यासारखा मॉनिटर तेव्हा नव्हता. नटाच्या डोळ्यापासून कॅमेऱ्यापर्यंत टेप धरायची, जमिनीवर खडूने खुणा करायच्या आणि नट चालू लागला की त्या खुणांवर नजर ठेवून लेन्सचे कडे फिरवत राहायचे. चित्र रेखीव आले की पुसट, हे निगेटिव्ह मुंबईत धुऊन रशेस, म्हणजे चित्रित भागाची पहिली कच्ची प्रत, पाहीपर्यंत नक्की कळत नसे. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपे. कच्ची फिल्म महाग, शिवाय सहजासहजी न मिळणारी, त्यामुळे टेक वाया गेला की सगळा सेट गप्प होई. एकदा ऐन मे महिन्यात उजेड लागू नये म्हणून काळ्या पिशवीत हात घालून मॅगझिन (कॅमेऱ्याला लावायची फिल्मची पेटी) भरताना माझे घामेजलेले बोट फिल्मवर टेकले आणि रशेसमध्ये नायिकेच्या गालावर माझा ठसा उमटलेला दिसला. कॅमेरामन मला एका शब्दाने बोलले नाहीत; त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या.

हे चित्रपट आता वाहिन्यांवर लागतात तेव्हा पुष्कळदा सुरुवातीची श्रेयनामावलीच उडवलेली असते आणि इंटरनेटवरच्या कित्येक प्रतींचीही तीच गत आहे. लाइटमन, सेटवरचे सुतार, मेकअपचे सहायक यांची नावे त्या पाट्यांवर मुळात क्वचितच येत. ज्यांची आली, त्यांचीही अशी पुसली जात आहेत. आमच्या गावात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे, याचा अभिमान मलाही आहे, पण तो कॅमेरा चालवणाऱ्यांची नावे सांगणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. आपण निदान आपल्या लेखांत छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन करणाऱ्यांची नावे देण्याचा प्रघात पाडावा, एवढीच विनंती.

माझ्याकडे त्या काळातील काही कॅमेरा रिपोर्टच्या, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी भरायच्या शॉटच्या नोंदींच्या, कार्बन प्रती आहेत. शाई फिकटली असली तरी शॉट क्रमांक आणि सहायकांची नावे वाचता येतात. कोणा अभ्यासकाला हव्या असल्यास आपल्यामार्फत कळवावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कॅमेरा सहायक, कोल्हापूर