घोड्याजवळ माणूस झोपतो

फोंडा, २५ ऑगस्ट

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

सारिकाने काल बोलता बोलता सांगून टाकलं. इटलीतल्या सिएनाला पालिओ, म्हणजे ती घोड्यांची शर्यत, बघताना तुला भोवळ आली, सलाइन लावलं, रात्रभर इस्पितळात ठेवून घेतलं. आणि त्याच रात्री तू मला घोड्यांचे फोटो पाठवत होतीस! खाटेवरूनच पाठवलेस का गं?

असो. त्याविषयी लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

फोटो छान आलेत. शर्यतीच्या दिवशी घोडा थेट देवळात नेतात, पाद्री त्याला आशीर्वाद देऊन "जा आणि जिंकून ये" म्हणतो, हे तू सांगितलं होतंस तेव्हा आईला खोटं वाटलं होतं. तिला तो फोटो दाखवला. सतरा मोहल्ल्यांतले दहाच धावतात, कुठला घोडा कुणाला ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि तीन फेऱ्यांचा खेळ दीड मिनिटाच्या आत आटोपतो. मला त्यातलं एकच भावलं. घोडा वाट्याला आला की मोहल्ल्याचा माणूस चारही दिवस त्याच्यापासून हलत नाही, रात्री तबेल्यातच झोपतो. घोड्याने वैरण खाल्ली नाही तर सगळ्या आळीला कळतं. तुझ्याजवळ त्या रात्री कोण होतं? मैदानाच्या मधोमध भर उन्हात तासन् तास उभी राहिलीस, पाण्याची बाटली तरी होती का?

बघ, आलोच तिथे.

मोहल्ल्यांची निशाणं मात्र मी भिंग लावून बघितली. गोगलगाय, सुरवंट, हंसीण, साळिंदर. एकावर पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती, एकावर झाडाखाली गेंडा. इटलीत हे दोघे कुठून आले, असं तू पूर्वी फोनवर विचारलं होतंस आणि उत्तरही स्वतःच दिलं होतंस. या निशाणांचं मूळ वेगळं असेल, पण तू सांगितलेला तो गेंडा तरी आपल्याच बंदरातून गेलेला. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिला, १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजावर चढवला, २० मे रोजी लिस्बनला उतरला. राजाने तो पुढे पोपला धाडला, आणि १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्यावर पोर्तो व्हेनेरेजवळ जहाज बुडालं. गेंडा चांगला पोहतो गं. पायांत साखळदंड होते म्हणून गेला.

हत्तीची गोष्ट मी त्या दिवशी नीट ऐकू शकलो नाही, नंतर वाचून काढली. हान्नो त्याचं नाव. हिंदुस्थानातून पोर्तुगालमार्गे १५१४ च्या मार्चमध्ये रोममध्ये आला, पोपसमोर तीनदा गुडघे टेकले, सोंडेतलं पाणी लोकांवर उडवलं, आणि सारं रोम वेडं झालं. दोन वर्षांत आजारी पडला. वैद्यांनी सोनं घातलेलं रेचक पाजलं. सोनं! ८ जून १५१६ ला मेला. मग चित्रकार राफाएलने त्याचं आयुष्याएवढं चित्र काढलं, तेही आता उरलेलं नाही. रोममधल्या व्हिला मादामा या वाड्याच्या बागेत सोंडेतून पाणी सोडणारं हत्तीचं तोंड आहे म्हणे. तू गेलीस तर कान कसे केलेत ते बघ. कानावरून कळेल, करणाऱ्याने हत्ती जवळून पाहिला होता की नुसता ऐकला होता.

इतकी वर्षं गुरांचा डॉक्टर होतो, म्हणून हे वाचताना जीव कासावीस झाला. जनावर बोलत नाही, आपणच ओळखायचं. कान गार लागतात, रवंथ थांबतं, नाकाची ओल जाते. खांडेपारला रात्री कपिलेचं पोट फुगलं तेव्हा तू बॅटरी धरून उभी होतीस, आठवतं? जेमतेम दहा वर्षांची. "बाबा, हिला दुखतंय हे हिने सांगितलं कसं?" म्हणून विचारलंस. मी सुई टोचत होतो, उत्तर दिलं नाही. वायू सुटला तेव्हा तू एवढी हसलीस की गोठ्याचे मालकही हसले. तुला मात्र तेव्हाही ताप असायचा आणि तू दप्तर भरून तयार. दादाच्या वेळेला काय झालं ते तुला ठाऊक आहे, ते इथे लिहीत नाही.

फार बोललो. रागावू नकोस. माझ्या पोरीने पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रांवरची काजळी उतरवावी याचा मला किती अभिमान आहे, ते शकूआत्याला विचार, तिला मी रोज पकवतो.

ते लांडग्याचं चित्र तू लंडनहून पाठवलं होतंस ना, सासेत्ता या चित्रकाराचं? गुब्बिओ गावाच्या वेशीवर संत फ्रान्सिसच्या हातात लांडग्याने पंजा दिलाय आणि बाजूला बसून नोटरी करार लिहितोय. गावाने त्याला खायला द्यायचं, त्याने कुणाला धरायचं नाही. मलाही तुझ्याकडून तसंच लेखी हवं. तुला बरं नसलं की पहिला फोन घरी, सारिकाला नंतर. नोटरी शेजारच्या बिल्डिंगमध्ये आहे, स्टॅम्पपेपर मी आणतो.

चवथीला येणं जमणार नाही हे कळलं, त्यावर काही म्हणत नाही. आईने हळदीची पानं सुकवून ठेवलीत, कुणी येणारं असेल तर पाठवू. पैसे टाकलेत, ते रंगांत आणि पुस्तकांत घालवू नकोस. तिथे रक्त तपासून घे आणि रिपोर्टचा फोटो पाठव. इटालियनमध्ये असला तरी चालेल, आकडे मला वाचता येतात.

तुझा,
बाबा