शेक देण्याआधी दात बघा

महोदय,

माझ्या आईच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि मग ३० शेक. (शेक म्हणजे रेडिएशन, वॉर्डात दुसरा शब्द कुणाच्या तोंडी नसतो.) मिश्री सुटली. दोन वर्षांनी तपासणीत सगळं स्वच्छ निघालं. आमच्या लेखी आजार संपला होता.

म्हणूनच दाढ ठणकू लागली तेव्हा डेंटिस्टने ‘काही आजार?’ असं विचारल्यावर आई ‘थोडी शुगर आहे’ एवढंच म्हणाली. मी शेजारीच उभा होतो, मलाही सुचलं नाही. दाढ काढली, पण जखम भरेना. तिसऱ्या महिन्यात हिरडीतून पिवळट हाड दिसू लागलं. शेकामुळे जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, दात काढला की तिथलं हाड मरू शकतं आणि हा धोका पुढे वर्षानुवर्षं राहतो, हे तेव्हा कळलं.

दाढ किडायलाही शेकाचाच हातभार. लाळ आटली होती; भाकरीच्या प्रत्येक घासाला आई पाण्याचा घोट घ्यायची. लाळ नसली की दात हिरडीलगत किडतात आणि तिथूनच मोडतात.

खरं तर टिकणार नाहीत अशा दाढा शेक सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधीच काढल्या, तर जखम भरून येते. उरलेल्या दातांना रोज फ्लोराइड लावायचं. ऑपरेशन आणि शेक यांच्या मधे आम्हाला पाच आठवडे मिळाले होते, ते टाके सुकायची वाट बघण्यात गेले. केमोवाल्यांनीही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाताला हात लावू देऊ नये, त्या काळात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, जंतुसंसर्ग लवकर होतो.

दवाखान्याच्या भिंतींवर तंबाखू सोडायचे फलक भरपूर, दातांबद्दल एक ओळ नाही. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत ‘आरटी ६० ग्रे, ३० फ्रॅक्शन’ लिहिलेलं असतं. त्यातून आईने काय समजायचं? त्याच कार्डावर मराठीत, ठळक अक्षरांत छापावं : ‘जबड्याला शेक दिला आहे. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दात काढू नये.’ आणि डेंटिस्ट मंडळींनी शुगर-बीपीबरोबर ‘तोंडाला, मानेला शेक घेतलाय का?’ हेही विचारावं.

आम्ही ती ओळ लाल पेनाने आईच्या फाइलवर लिहिली आहे. एक चिठ्ठी तिच्या बटव्यातही आहे, आधार कार्डाला चिकटवलेली.

– एक वाचक, तासगाव