पाचटावरचा युरिया

पलूस,
१२ फेब्रुवारी

प्रिय दत्ता,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, चूक माझीच. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा आहे तसाच.

आज लिहायला बसलो ते तुमच्या खोडव्यापायी, तोडणीनंतर फुटलेल्या उसापायी. आबांनी युरिया पाचटावर, उसाच्या वाळल्या पाल्यावर, फोकलाय आणि पाण्याची पाळी अजून सहा दिवसांवर! युरिया फोडणारं विकर (एन्झाइम) पाचटात मातीपेक्षा जास्त असतं. दवाच्या ओलीनं दाणा विरघळतो, त्याच्याभोवतीचा सामू (पीएच) चढतो आणि नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन उडून जातं. चुनखडीच्या काळ्या रानात, उन्हात, तर अधिकच. आबा म्हणतात, "निंबोळीचा लेप आहे की." अरे, तो लेप नत्राचं नायट्रेट होणं लांबवतो, अमोनिया उडायचा थांबवत नाही.

आपण ज्यावरून भांडलो तो हिशेब पुन्हा मांडतो. एकरी १०० किलो नत्र म्हणजे ४५ किलोची जवळपास पाच पोती. समज पाचवा हिस्सा उडाला, तर गेलं एक पोतं, म्हणजे २६६ रुपये ५० पैसे. तेवढ्यात खत पुरायला लावलेल्या एका गड्याची हजेरीही भागत नाही, हे तुझं म्हणणं खरं होतं. पण त्या पोत्यातलं जवळपास २१ किलो नत्र उसाच्या तोंडचं गेलं, ते तू धरलंच नाहीस. सरकारनं पोत्यावर भरलेलं अनुदानही हवेत गेलं. शिवाय तोच अमोनिया हवेतल्या आम्लांशी मिळून बारीक कण होतो आणि लोकांच्या छातीत जातो. तो खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही, याचाच मला घोर लागलाय.

पाचट कुजवायला टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू खत पुरतं. बाकीचं खत पहारीनंच द्यायचं. ऊस तुटल्यापासून पंधरा दिवसांत, वाफशावर (रान ना चिखल ना कोरडं असताना), उसाच्या बुडख्यापासून १० ते १५ सेंमीवर, १५ ते २० सेंमी खोल, दोन भोकांत ३० सेंमी अंतर ठेवून. भोक मातीनं बुजवायचंच, उघडं राहिलं तर तिथूनच अमोनिया निघतो. दुसरा हप्ता १३० ते १३५ दिवसांनी, सरीच्या दुसऱ्या बाजूला. गडी मिळत नसतील तर पाळीच्या दिवशीच पाचट सारून खत टाकायचं आणि लगेच पाणी सोडायचं. पण सरी तुडुंब भरू देऊ नका, नायट्रेट खाली निघून जातं. तुझ्या वाट्याच्या दोन एकरांत ठिबक आहे, तिथं खत पाण्याच्या मधल्या वेळेत सोडायचं आणि शेवटी साधं पाणी.

गोठ्यात मूत्राची नाली वेगळी काढा. वास मारायला राख किंवा चुना टाकतात, त्यानं अमोनिया जास्तच सुटतो. उकिरडा झाकून ठेवा.

वहिनींची बदली झाली का? पिंकीला बारावीसाठी आशीर्वाद.

आबांना आजच फोन कर, माझं ते ऐकायचे नाहीत. बांधावरच्या खोपटात दोन पोती अजून शिल्लक आहेत, ती पाळी येईपर्यंत फोडू देऊ नकोस.

तुझा,
विश्वास