कंबरदुखी म्हणजे दरवेळी गादीच नव्हे

महोदय,

कंबर धरली की ‘गादी सरकली’ म्हणून मोकळे व्हायची सवय पडली आहे. मणक्यांच्या मागच्या बाजूला प्रत्येक पातळीवर डावा-उजवा असे दोन छोटे फॅसेट सांधे असतात, ते कुणाच्या ध्यानातच नसतात. गुडघ्यासारखीच त्यांनाही कूर्चा, वंगण आणि आवरण असते. झीजही तशीच होते. वयोमानाने दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) बसली की भार मागे सरकून या सांध्यांवर येतो, विशेषतः सर्वांत खालच्या दोन पातळ्यांवर.

मागे वाकताना, वळताना, फार वेळ उभे राहिल्यावर किंवा कूस बदलताना कळ येते आणि पुढे वाकून बसले की उतार पडतो. दुखणे नितंब-मांडीपर्यंत जाते, गुडघ्याखाली सहसा नाही. पोटरी-पावलात मुंग्या येत असतील, तर नस दबल्याचा विचार आधी करावा. अर्थात लक्षणांवरून फक्त संशय घेता येतो. एमआरआयवरूनही खात्री होत नाही, कारण काहीही न दुखणाऱ्या कित्येकांच्या एमआरआयमध्येही झीज दिसतेच.

खात्रीसाठी सांध्याच्या नसा बधिर करून पाहतात. प्रत्येक सांध्याला दोन नसा येतात, म्हणून एका सांध्यासाठी दोन ठिकाणी, क्ष-किरणांखाली, जेमतेम अर्धा मिली औषध सोडतात. खरी परीक्षा त्यानंतरच्या काही तासांत होते: एरवी दुखणाऱ्या हालचाली मुद्दाम करून किती फरक पडला ते लिहून ठेवायचे. रुग्ण घरी जाऊन झोपून राहिला, तर चाचणी फुकट जाते. एकदा आलेला आराम फसवाही असतो. म्हणून दुसऱ्या दिवशी किंवा पुढे कधीतरी ती पुन्हा करणे उत्तम. दोन्ही वेळा आराम पडला, तरच नसा सुमारे ८० अंश सेल्सियसला ६० ते ९० सेकंद तापवून निकामी करण्याचा विचार करावा. त्याने सांधा दुरुस्त होत नाही. नसा पुन्हा वाढतात आणि आराम बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकतो.

त्याआधी व्यायाम हवाच. उताणे झोपून, गुडघे दुमडून, कंबर जमिनीला टेकवून पाच सेकंद धरावी. असे दहा वेळा. मग एकेक गुडघा छातीशी घ्यावा. सरसकट सांगितले जाणारे भुजंगासन मात्र कळ असेपर्यंत टाळावे. गादीच्या काही रुग्णांना सोसणारा तो ताण इथे दुखऱ्या सांध्यावरच येतो.

लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा, पाय लुळा पडणे, ताप किंवा उतारवयात पडल्यानंतरचे दुखणे असेल, तर व्यायामात वेळ न घालवता लगेच रुग्णालय गाठावे.

– मणक्याच्या दुखण्यांवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट