दूध कट्ट्यावर विज्ञान रंगू दे की

संपादक साहेब, नमस्कार.

२८ फेब्रुवारी आला की सगळीकडं विज्ञान दिन, म्हणजे हॉल, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा लांबलचक परिचय आणि पुढं सरांनी आणून बसवलेली पोरं. कुणाला खरंच काही विचारायचं असतं तोवर आभारप्रदर्शन सुरू झालेलं असतंय.

इंग्लंडात लीड्सला डंकन डलास या टीव्हीवाल्या माणसानं १९९८ला याच्या बरोबर उलटं केलं. कॅफे सायंटिफिक. वैज्ञानिकानं कॅफेत येऊन वीसेक मिनिटं बोलायचं, मग ब्रेक, लोकांनी ग्लास भरून घ्यायचे आणि पुढं नुसते प्रश्नच प्रश्न. २०१३ पासून तिकडं पिंट ऑफ सायन्स म्हणून पबमध्ये बिअरसोबतही हे चालतं. बिअर म्हटल्यावर काहींचे डोळे चमकतील, काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, पण आपल्याला त्याची गरजच काय, कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्टा आहे की! म्हशी उभ्या, समोर धार काढून फेसाळता ग्लास हातात, आणि भोवती पैलवानापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे.

पहिला वाद तर त्या ग्लासावरच होईल. डॉक्टर म्हणणार, कच्च्या दुधातनं टीबी, ब्रुसेलोसिस होऊ शकतो, डेअरीत ७२ अंशाला १५ सेकंद तापवतात ते काय उगाच नाही. गवळीमामा म्हणणार, आमचा आजा जन्मभर हेच पीत आला, त्याला काय झालं? मग एक आजा धडधाकट राहिला म्हणजे सिद्ध झालं का, आजारी पडलेले कुणी मोजले का, इथं खरं विज्ञान सुरू होतंय. आणि म्हशीच्या कासेचा आजार कसा ओळखायचा हे डॉक्टरांनीही मामांकडनं ऐकून घ्यावं, एकट्यानंच शिकवायचं असं नको.

विषय तर ढीगभर. मावळतीची किरणं थेट मूर्तीवर पडतात तो अंबाबाईचा किरणोत्सव ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा दोनदाच का? २१-२२ डिसेंबरला सूर्य जास्तीत जास्त दक्षिणेला असतो, त्याच्या साधारण ४१-४२ दिवस आधी आणि तेवढ्याच दिवसांनी नंतर तो मावळताना क्षितिजावर त्याच जागी येतो, एवढं साधं आहे, पण विचारलं तर किती जणांना सांगता येईल? पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे शेंबड्या पोरालाही पाठ. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पाच मिनिटात सगळ्या ग्रुपवर मेसेज, पण ते आपोआप उघडतात कसे, हे कोण सांगणार? जयंत नारळीकर ज्या गावात जन्मले तिथं एवढी चर्चा व्हायला काय हरकत आहे.

माझं म्हणणं एवढंच की पेठेतल्या एखाद्या तालमीनं पुढाकार घ्यावा, विद्यापीठातल्या एखाद्या सरांना नाहीतर मॅडमना महिन्यातनं एकदा कट्ट्यावर बोलवावं. माईक नको, प्रोजेक्टर नको, हार तर अजिबात नको, मानधन म्हणून दूध पाजा, आणि हो, ते तापवून द्या. गणपतीत करू नका, डॉल्बीपुढं कुणाचं काही ऐकू येणार नाही. नोव्हेंबरात किरणोत्सवाच्या आठवड्यात रात्री जेवणं झाल्यावर पहिली बैठक घ्या.

एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर